गल्लीतलं बालगृह बंद झालं तेव्हा

यांच्या नोकरीमुळे आम्ही नागपूरहून भोपाळला आलो आणि निवृत्तीनंतर नेहरू नगरातच राहिलो. मागच्या गल्लीत भाड्याच्या घरात मुलींचं एक छोटं बालगृह होतं. ते चालवणाऱ्या विधवा बाईंना सगळे दीदी म्हणत. संध्याकाळी मी तिथं गणित शिकवायला जायची.

तिथं दोन बहिणी होत्या. थोरली तेराची, धाकटी पाचची. थोरलीनं भरवल्याशिवाय धाकटी जेवत नसे.

बालगृहाच्या नोंदणीची मुदत संपली होती. ती वाढवून घ्यायला दीदींनी सरकारी ऑफिसात किती चकरा मारल्या! घराला एकच अरुंद जिना, आग लागली तर मुली उतरणार कशा, असा आक्षेप होता. घरमालक दुसरा जिना बांधू देईना.

"दे देंगे दीदी, इतने साल से चला रही हैं आप," मी म्हणायची. दीदी पुन्हा कागदांची फाइल उघडायच्या.

शेवटी मुदत वाढवायला नकार आला, आणि एका सकाळी मुलींना न्यायला सरकारी गाड्या आल्या. सोबत महिला पोलीस. अधिकारी बाई उद्धट नव्हत्या. मला म्हणाल्या, "कल को कुछ हो गया, तो जवाब कौन देगा?" त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणू शकत नाही.

लहानांची रवानगी शिशुगृहात, मोठ्यांची बालिकागृहात होणार होती. थोरलीनं माझा हात धरला. "आंटी, आप बोलो ना, हमें साथ रखें."

मी बोलले. हात जोडून बोलले. बाई म्हणाल्या, "अभी दोनों के लिए एक जगह नहीं है. बाद में देखेंगे."

धाकटीला वाटलं, सगळे सहलीला निघालेत. ती गाडीत खिडकीपाशी जाऊन बसली. बहीण दुसऱ्या गाडीत चढतेय हे दिसलं, तेव्हा काचेवर दोन्ही हात आपटायला लागली. गाडी वळेपर्यंत तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

आठवड्यानं मी ऑफिसात गेले. दोघींना एकत्र आणलं का, एवढंच विचारलं.

"आप बच्चियों की कौन हैं?" तिथल्या बाबूनं विचारलं.

गणित शिकवणारी म्हणजे कोण?

"फिर जानकारी नहीं दे सकते, मैडम. बच्चों की सुरक्षा का नियम है."

घरी आल्यावर हे म्हणाले, "नियम योग्यच आहे गं." मलाही ते कळत होतं.

दीदी आता इटारसीला भावाकडे असतात. सुरुवातीला फोनवर आम्ही एकमेकींना विचारायचो, "कुछ पता चला?" हल्ली तब्येतीचं बोलतो, उन्हाचं बोलतो, आणि ठेवून देतो.