सर्वांत मागच्या सायकलीवरचे मामा

वाट दाखवणारी माणसे जगात पुष्कळ झाली असतील; पण सर्वांच्या मागे राहून वाट दाखवणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या वाट्याला आला. आमच्या हिचे मामा मालगाडीचे गार्ड. उभी हयात त्यांनी नागपूरपासून इकडच्या लाईनीवर शेवटच्या डब्यात बसून काढली, आणि भिलाईचे यार्ड सुरू झाले तसे ते मामींना घेऊन चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायला आले. मी तेव्हा भिलाईत सेक्टर दोनमध्ये राहत होतो आणि नव्या पोलाद कारखान्याच्या नकाशांवर रेघा ओढत होतो. ड्यूटी नसलेल्या रविवारी मामा सकाळीच सायकल दामटत आमच्या दारात येत आणि म्हणत, "चला जावईबापू, भिलाई पाहू." त्या वेळी भिलाईत पाहण्यासारखे काय होते, हे मला आजही कोणी सांगावे. मुरुमाचे रस्ते, विटांचे ढीग, एका साच्यातून काढल्यासारखी क्वार्टर्स आणि सगळ्यांवर तांबडी धूळ. पण मामांना हे सगळे काशीरामेश्वराइतके प्रेक्षणीय वाटे. सोबत माझ्या ऑफिसातले दोघेतिघे असत, एरवी झोपा काढणारे. मामींनी बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा मामांच्या हँडलला लटकलेला असे, म्हणून तेही उठत.

सायकली निघाल्या की मामा सर्वांत मागे. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला लावतात तशी एक लाल पाटी त्यांनी आपल्या कॅरियरला बांधली होती. खिशात दोन रुमाल, एक लाल आणि एक हिरवा, आणि गळ्यात शिट्टी. रस्ता फक्त त्यांना ठाऊक, आणि पुढे आम्ही, ज्यांना काहीच ठाऊक नाही. "मामा, तुम्ही पुढे व्हा की," असे एकदा मी म्हटले, तर ते दुखावलेच. "गार्ड कधी इंजनात बसते का? तुम्ही चालवा, मी मागून पाहून राहिलो नं!" या व्यवस्थेमुळे प्रत्येक प्रेक्षणीय स्थळ आम्हाला ते ओलांडून गेल्यावर कळे. मागून शिट्टी वाजे, आम्ही ब्रेक दाबत असू, आणि मामा हात लांब करून सांगत, "ते पहा, मागे राह्यलं!" मागे राहिलेले असे ते म्हणजे बहुधा एक खड्डा. तिथे बगीचा होणार आहे, असे मामांना कोणी तरी सांगितलेले असे. एकदा तर आमचा अग्रभाग वळण चुकून सरळ चुन्याच्या ढिगात शिरला. मामा सावकाश आले, आमची पांढरी ध्यानं न्याहाळली आणि म्हणाले, "मले वाटलंच होतं." मग आधी का सांगितले नाही, असे विचारण्यात अर्थ नव्हता. गार्डला पुढचे दिसत नाही, मागचे दिसते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

रेल्वेचा रूळ आडवा आला की मात्र मामा लाल रुमाल काढत. गाडी येवो न येवो, सगळे थांबले पाहिजेत. कारखान्याच्या एका नव्या रुळापाशी ते असेच रुमाल फडकावून उभे होते. रुळावरचा गंज निघेल इतकीही गाड्यांची ये-जा अजून सुरू झाली नव्हती. तेवढ्यात कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबाची जीप आली आणि तीही मुकाट्याने थांबली. मामांनी दोन्ही बाजूंना शांतपणे पाहून हिरवा रुमाल दाखवला, तेव्हा साहेबाने चक्क टोपी काढून सलाम केला. त्यानंतर महिनाभर मामा आमच्याशी जरा कमीच बोलत होते.

या सहलींना एक काळजी मात्र चिकटलेली होती. लग्नात मामांनी मामींना समुद्र दाखवायचे कबूल केले होते. रेल्वेचा पास होता आणि पुरीला गाडी जात होती. अडचण कशाचीच नव्हती. तरी दर वर्षी यार्डात माल तुंबे, बदली गार्ड मिळत नसे, आणि मामा म्हणत, "पुढल्या वर्षी नक्की." मामी भाकरी बांधता बांधता म्हणत, "आम्ही काय, समुद्र आटला की जाऊ." तेव्हा आम्ही हसत असू. मग मामींना काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच होता, दुसराही फार दिवस टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मामांनी रजा मागितली. रेल्वेवाले मिळेल म्हणाले, पण महिन्याभराने. त्या दिवशी मामा आमच्याकडे येऊन बसले आणि चहा निवून गेला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

तोड मामींनीच काढली. "दिसून राह्यलं तोवर जेवढं मोठं पाणी असन तेवढं दाखवा," त्या म्हणाल्या. "पुरीची वाट पाहत बसली तं तेबी नाही दिसाचं."

म्हणून त्या रविवारी आम्ही रिसालीच्या पलीकडे मरोद्याच्या तलावावर निघालो. मामींना कॅरियरवर घ्यायचे तर लाल पाटी काढावी लागणार होती. मामांनी ती माझ्या हातात दिली. ओझे घेऊन शेवटी राहिले तर फार मागे पडतील, म्हणून आम्हीच त्यांना पुढे घातले, आणि जन्मात पहिल्यांदा मामा सर्वांत पुढे झाले. बावरले बिचारे. दर पाच मिनिटांनी मागे वळून पाहत. शेवटी मामींनी त्यांच्या खिशातून हिरवा रुमाल ओढून घेतला. "गार्ड मी आहे. तुम्ही समोर पहा."

तलाव भरलेला होता, वाऱ्याने पाणी काठावर थापा मारत होते, आणि पलीकडचा काठ मामींच्या नजरेच्या फार पुढे होता. त्या लुगडे आवरून घोटाभर पाण्यात उतरल्या. मग ओंजळ भरून तोंडाला लावली.

"काहो, हे तं खारं नाही."

मामांनी पलीकडच्या काठाकडे पाहिले. मग म्हणाले, "काम चालू आहे नं अजून भिलाईचं. मीठ यायचं आहे."

मामी इतक्या हसल्या की पाण्यात तोल जायची पाळी आली. मामाही हसले, आणि मग तोंड फिरवून उगाच सायकलची चेन तपासू लागले.

परतताना मामी कॅरियरवर उलट्या बसल्या, तोंड पाण्याकडे करून. बाईमाणसाने असे बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. रिसालीची माणसे दारात येऊन बघत राहिली. मामी हिरवा रुमाल धरून होत्या. पुढून मामा विचारत होते, "दिसून राह्यलं का वं?" आणि मामी म्हणत होत्या, "दिसते." मी त्यांच्या मागेच होतो. मी वळून पाहिले, तर तलाव केव्हाच झाडांआड गेला होता. मामांनी पुन्हा विचारले. मामींनी रुमाल जरा वर केला.

"दिसते हो. चालू द्या तुम्ही."