परत आलेले गाऊन

दिवाळीचा पाडवा. सणाचं शिवण संपलं होतं, म्हणून मशीन उलटं करून दात्यांत अडकलेला दोऱ्यांचा कचरा काढत होते.

आटगावात माझं शिवणाचं दुकान आहे. धाकटा भाऊ फौजेत होता. शांतिसेनेतून परदेशात गेला, तेव्हा पहिल्याच सुट्टीत म्हणाला, "ताय, छावणीबाहेरच्या बायांच्या अंगावर धड कपडा नाय. गाऊन शिवून दे." उरलेल्या कापडाचे मी ढीगभर शिवले. माझ्या गाऊनला आतून डाव्या बाजूला खिसा असतो. आमच्याकडे बाया गाऊनवर शर्ट चढवून भातलावणीला जातात, मिसरीची डबी नि मोबाइल त्या खिशात राहतो. तिकडच्या बायांनाही लागेल म्हणून लावला.

आता तो निवृत्त होऊन मुरबाडला मुलींसाठी पोलीस भरतीचा क्लास चालवतो. राहणं-जेवण तिथेच. भाऊबीज झाली की माझी मुलगी जाणार होती, शिवाय उंबरमाळीकडच्या पाड्यांवरच्या काही मुली. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या त्यांच्या आयांना मीच तयार केलं होतं. "माझा सख्खा भाऊ आहे," एवढंच सांगितलं, ते पुरलं.

त्या दुपारी त्याच्याबरोबर परदेशात असलेला, आमच्याच तालुक्यातला एक फौजी फराळाला आला. चकली खाता खाता म्हणाला, "ताय, तुमच्या गाऊनांनी आमचा कॅम्प हलवला हो!" आणि फोन पुढे केला. फोटोत छावणीचं फाटक होतं, बाहेर चिडलेली गर्दी. तारांवर गाऊन उलटे टांगलेले. खिसे बाहेर. माझेच.

"परत का दिले?"

त्याचं हसू गेलं. "त्यानं सांगितलं नाय तुमाला?"

"तू सांग."

बाया छावणीच्या टाकीवर पाण्याला यायच्या. टाकीवर भावाची ड्युटी. जी त्याच्या खोलीवर येईल तिला पाणी, डबाबंद जेवण, वर गाऊन. नाही म्हणेल तिची कळशी रिकामी. शेवटी गाव फाटकावर आलं. चौकशी बसली, त्याला परत धाडलं, आणि निवृत्ती दाखवून प्रकरण मिटवलं.

"मी त्यात नवतो, ताय."

"पण बघत होतास."

तो चहा संपवून गेला.

मी भावाला फोन लावला. खोटं आहे म्हणेल असं वाटलं होतं.

"सोड ना ताय. तिकडच्या बाया तशाच."

"पाण्याला आलेली बाई तशी कशी रे?"

"तुला काय समजणार तिकडचं? आणि गाऊन फुकट घालायला गोड लागले ना त्यांना?" मग आवाज बदलून म्हणाला, "उद्या येतो ओवाळून घ्यायला. पोरीची बॅग भरून ठेव."

मी फोन ठेवला. मुलीला सगळं सांगितलं. तिनं भरलेली बॅग रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला मैत्रिणीकडे पाठवलं, दाराला कुलूप लावलं आणि स्कूटीवर उंबरमाळीकडे निघाले. पहिल्या घरची बाई अंगणात भाताचे भारे रचत होती.

"आज भाऊबीज ना गो? भाऊ नाय आला?"

"त्याचंच सांगायला आलेय," म्हटलं, आणि काही न गाळता सांगितलं.

तिनं भारा खाली टाकला. "तूच बोललीस ना, सख्खा भाऊ हाय म्हणून? आमी त्याला थोडंच वळखत होतो? तुला वळखत होतो."

तिची मुलगी धावण्याचा सराव करून आली होती, घामाघूम. ती म्हणाली, "मग मावशी, आमी भरतीची तयारी करायची कुठं?"

"शाळेच्या मैदानावर. गुरुजींना मी विचारते. शिकवायला कोण, ते अजून माहीत नाही."

पर्समध्ये फोन वाजत होता. मी पुढच्या घराची वाट विचारली आणि निघाले.