विलासचा गेम आणि माझ्यातलं रेडिएशन

"पॅपिलरी कार्सिनोमा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे थायरॉईड ग्रंथीचा कॅन्सर. केस विंचरताना आरशात मला गळ्यावर गाठ दिसली होती. थुंकी गिळली की ती वरखाली व्हायची. मी रडले नाही, कारण बाई लगेच म्हणाल्या, "यातून बहुतेक सगळे बरे होतात. आधी ऑपरेशन, मग रेडिओआयोडिनची गोळी."

थायरॉईड आयोडिन ओढून घेतं. या गोळीतलं आयोडिन किरण सोडणारं असतं. ऑपरेशननंतर जिथे वाईट पेशी उरल्या असतील तिथे जाऊन ते त्यांना मारतं. काही दिवस ते किरण पेशंटच्या अंगातून बाहेरही पडतात.

शेजारी बसलेला माझा नवरा विलास तेव्हा खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे हिच्यापासून लांब राहायचं?"

"थोडे दिवस. अंतर ठेवायचं, जवळ फार वेळ बसायचं नाही. लहान मुलीला दोन आठवडे कुशीत घ्यायचं नाही."

"माहितीय मला ते," विलास म्हणाला.

त्याला ते माहीत होतं कॉम्प्युटरवरच्या गेममुळे. आम्ही मुंबईजवळ आचोळ्याला राहायचो. वालीवच्या कारखान्यातून आला की तो गेम लावायचा. रेडिएशनने ओसाड झालेला मुलूख, आणि त्यात जगून दाखवायचं. रेडिएशन मोजायचं मीटर कटकट वाजायला लागलं की मागे फिरायचं, मास्क चढवायचा, भिंतीच्या नाहीतर पत्र्याच्या आड जायचं. पडद्याच्या कोपऱ्यात अंगातलं रेडिएशन दाखवणारी पिवळी पट्टी चढत जायची, ती औषध टोचल्याशिवाय उतरायची नाही. ज्या सोबत्याची पट्टी भरली त्याला तळावर आत घेतलं तर सगळेच मरायचे. विलास दार लावून घ्यायचा. बाहेरचा माणूस दार बडवत राहायचा.

ऑपरेशनची जखम भरल्यावर मुंबईच्या हॉस्पिटलात गोळी दिली. ती शिशाच्या जाड डबीतून आली आणि देणारा माणूस लगेच बाहेर गेला. खोलीत मी एकटी. भरपूर पाणी प्यायचं, लाळेच्या ग्रंथी सुजू नयेत म्हणून आंबट गोळ्या चोखायच्या. टेक्निशियन लांबून मीटर धरायचा. आकडा पुरेसा उतरल्यावर घरी सोडलं. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका. तो एकांत सोसवतो.

घरी आले तर बेडरूमच्या दाराला लोखंडी पत्रे ठोकलेले. विलासने कारखान्यातून आणले होते. सासूबाई जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवून काठीने आत सरकवायच्या. आमची जुई अडीच वर्षांची. ती दाराशी येऊन रडायची आणि विलास तिला उचलून न्यायचा.

दोन आठवडे संपले. मी बाहेर आले, तर विलास वाटेत उभा राहिला.

"ते आपोआप उतरत नाही, मीनल. औषध घ्यावं लागतं."

"ते गेममध्ये. माझ्यातलं आपोआप उतरतं. डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं ना?"

"डॉक्टरांची मुलगी राहते का या घरात?"

दुसऱ्या दिवशी त्याने जुईला सासूबाईंबरोबर गावी पाठवलं, गुहागरला. मला विचारलं नाही. मी गॅलरीतून हाक मारली. जुईने मान वळवली, तशी सासूबाईंनी तिच्या तोंडावर पदर धरला. रिक्षा निघून गेली.

पुढच्या तपासणीपर्यंत विलास हॉलमध्येच झोपला. मी ग्लास ठेवला की तो फडक्याने उचलायचा. संध्याकाळी गेमचा आवाज यायचा, मीटरची कटकट. मी कानावर उशी घ्यायचे.

तपासणीच्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मीटर मागवलं. टेक्निशियनने ते माझ्या गळ्याशी धरलं, मग भिंतीशी. "दोन्हीकडे सारखंच."

"पुन्हा बघा," विलास म्हणाला.

टेक्निशियनने पुन्हा बघितलं. मग मीटर विलासच्या गळ्याशी धरलं. "तुमच्यातही तेवढंच आहे, साहेब."

बाई म्हणाल्या, "एक फोन केला असतात तरी आम्ही सांगितलं असतं." विलासने माफी तेव्हाही मागितली नाही, नंतरही नाही.

माझं स्कॅन स्वच्छ आलं. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची एक साधी गोळी घेते, बाकी ठणठणीत आहे. त्या डॉक्टरांची मी जन्मभर ऋणी आहे. पण रेडिओआयोडिनची गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला एक सांगते. घरच्यांना सोबत न्या आणि बंधन कधी सुरू होतं याबरोबर कधी संपतं तेही डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकवा. मग त्यांनी ऐकलं नाही, तर गप्प बसू नका. मी फार दिवस गप्प बसले.

तपासणीनंतर जुई परत आली ती सासूबाईंचा पदर धरून. मी खाली बसून हात पुढे केले. ती जागची हलली नाही.

"आई भाजते," ती म्हणाली. गावी तिला तसंच शिकवलं होतं.

"नाही गं भाजत. ये."

तिने सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूहळू जवळ आली, हात मात्र पाठीमागे. खाली वाकली आणि माझ्या तळहातावर फुंकर मारली, गरम भातावर मारतात तशी. मग निवायची वाट बघत उभी राहिली.