काळ्या बुडाचा डबा

एसटी सुटायला पाच मिनिटं होती आणि आई खिडकीखाली टाचा उंचावून डबा वर देत होती. हिंगोलीच्या स्टँडवर चाळिशी ओलांडलेला मी, मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद पडलं म्हणून पुण्याकडे निघालेला, आणि भीती मात्र शाळेच्या पहिल्या दिवसाची. डब्याचा हाताला चटका बसला. "गरम खात जाय, बाबा," आई म्हणाली. "थंड्या अन्नानं पोट धरतंय." बायको, मंदा, मागे उभी होती. तिचं ते नुसतं उभं राहणं मला पार नगरपर्यंत पुरलं.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, पुढचं मी घरी कधी सांगितलेलं नाही.

मी पुण्याच्या कडेला, माण गावात खोली घेतली. जिथे पूर्वी भाताची खाचरं होती तिथे आता आयटी पार्क आहे, आणि खाचरांचे मालक खोल्या भाड्याने देतात. आमच्या मालकांनी किल्ली देतानाच सांगितलं, "गॅस न्हाई, स्टो न्हाई, कॉइलची शेगडीबी न्हाई. दिसली तर सामान रस्त्यावर." मी इलेक्ट्रिशियन. भिंतीतल्या वायरी बघितल्या आणि कळलं, माणूस बरोबर बोलतोय. शिवाय रस्त्यावर जायची भीती होतीच.

मग सुनंदाताईंचा डबा लावला. ताई मूळच्या मुळशी धरणाकडच्या, आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या. पहाटे उठून पंधरा डबे करायच्या, साडेसहाला ज्याच्या त्याच्या कडीला अडकवायच्या, आणि मग आयटी पार्कातल्या ज्या इमारतीत मी कंत्राटी इलेक्ट्रिशियन होतो तिथेच साफसफाईला यायच्या. हॉटेलच्या एका थाळीच्या पैशात त्यांचे दोन दिवसांचे डबे व्हायचे. तीन चपात्या, एक सुकी भाजी, एक पातळ. रात्रीसाठी मी त्यातलीच एक चपाती ठेवायचो, वर दोन केळी.

पण सकाळचा डबा एक वाजेपर्यंत गार व्हायचा. कँटीनमधला मायक्रोवेव्ह कंपनीच्या लोकांचा. आम्ही कंत्राटी माणसं बेसमेंटच्या जिन्यात बसून जेवायचो. संध्याकाळी आईचा फोन यायचा. "गरम खाल्लंस का?" मी "हो" म्हणायचो. कित्येक महिने रोज खोटं. मग एक दिवस वाटलं, खोटं बोलण्यापेक्षा खरंच गरम खावं.

चौथ्या मजल्यावर यूपीएसची खोली माझ्याकडे होती. वीज गेली तरी संगणक चालू ठेवणारं, कपाटाएवढं यंत्र. त्याच्या माथ्यावर जाळी, आणि जाळीतून दिवसभर गरम हवा. बारा वाजता डबा त्या जाळीवर ठेवायचा, एकला उतरवायचा. हाताला चटका बसायचा, अगदी एसटीतल्यासारखा. ते यंत्र काय आहे हे त्या मजल्यावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावर आमटी ठेवणारा मीच. साताठ महिने हे चाललं.

त्या दिवशी सकाळी ताईंनी दारातून हाक मारून सांगितलं होतं, "दादा, आज आमटी लई पातळ हाय. झाकनाचं रबर गेलंय, आडवा धरू नका." मी डबा सरळच ठेवला. पण यंत्राला बारीक थरथर असते. डबा सरकत सरकत कडेला गेला आणि कलला.

आवाज फटाक्यासारखा झाला. अख्खा मजला अंधारात. मी खोलीत धावलो तेव्हा जाळीतून निळ्या ठिणग्या उडत होत्या आणि जळक्या वायरींच्या धुराखाली आमटीचा वास दबला होता. मी रबरी हातमोजे चढवले, मेन स्विच पाडला आणि लाकडी स्टुलावर चढून डबा खाली घेतला. डबा पिशवीत, पिशवी जिन्याखाली, जाळीवरून फडकं. साहेब यायच्या आत सगळं झालं. कशाचं भान नव्हतं, एवढं मात्र सुचलं.

सुपरवायझर साहेबांनी जाळीत बोट घालून ओल बघितली. "पाणी कुठून आलं? कोणी पुसलं इथे?" पुसलं होतं सुनंदाताईंनी, आवाज व्हायच्या दहा मिनिटं आधी. साहेब विचारत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो. ताई म्हणाल्या, "साहेब, मी फडका पिळूनच पुसते. दादांना इचारा." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी तेव्हा खाली होतो."

खोटं नव्हतं ते. म्हणून तर जास्त लागतं.

ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आणि मला तेव्हा कुठे उमगलं की दहा मिनिटं इकडेतिकडे झाली असती, तर त्या ठिणग्यांवर त्यांचा ओला हात असता. तेव्हापासून तो हात माझ्या डोळ्यांपुढून हललेला नाही.

आमच्याकडे रिकामा डबा धुऊन परत द्यायची पद्धत. मी घासघास घासला. आतून लखलखीत झाला, बुडावरचा जाळीच्या रेघांचा काळा डाग मात्र जाईना. न दिलेल्या डब्याचीही चौकशी होणार, म्हणून संध्याकाळी दिला. ताईंनी तो सवयीने उलटा केला, निथळायला. बुड बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ओरडतील, गल्ली गोळा करतील. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या गवारी हाय. चालंल ना?"

दुसऱ्या दिवशी कडीला डबा होता. तिसऱ्या दिवशीही. दुसराच डबा, नवं रबर. मी जिन्यात बसून थंडच गिळायचो, चव कळायची नाही. कामावर गेलो की वाटायचं आज ताई साहेबांना सांगणार. घरी आलो की वाटायचं, का सांगत नाहीत? नोकरी गेली तर मंदाला काय सांगू, या वयात कोण ठेवेल, पुन्हा कुठल्या गावाला जायचं? भीतीने मी असा सोलून निघालो होतो.

तिसऱ्या संध्याकाळी आईचा फोन आला. "गरम खाल्लंस का?" 

"नाही, आई," मी म्हणालो. "थंड खाल्लं. इथं थंडच मिळतंय."

तिकडे तवा उतरवल्याचा आवाज आला. मग, "बरं. खाल्लंस ना? मग झालं." 

इतकंच होतं ते. इतक्यासाठी मी यंत्रावर आमटी ठेवली होती.

सकाळी आधी ताईंच्या दारात गेलो. "ताई, डबा मी—"

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. पोळपाटावरून मान वर केली नाही. "बूड बोलतंय की. मी वाट बघत व्हते, तुमी बोलताय का."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"मी सांगून कोन ऐकतंय? आन तुमचं जाऊन माझं येनार व्हतं व्हय? आता जावा, सांगा त्यांना. घाबरू नका. न्हाईतर घाबरा, पन जावा."

घाबरतच गेलो. साहेबांनी ऐकून डोकं धरलं. "अहो, मेला असतात! ती बाई मेली असती!" ताईंना आठवड्याभरात परत बोलावलं. मला त्या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवू दिलं नाही. महिनाभर वणवण करून जवळच्या भुकूमला एका नव्या सोसायटीत वायरिंगचं काम मिळालं. अजूनही एखादा पंप नुसता थरथरला तरी माझा हात आधी त्याच्या माथ्यावर जातो, काही ठेवलंय का बघायला.

आईला हे कुणीतरी वाचून दाखवेल याची भीती वाटते. दाखवा. घर म्हणजे मला आजवर आईच्या डब्याचा तो चटका वाटायचा, आणि तो इथे कुठूनतरी पैदा करायला मी जिवाचा खेळ मांडला. आता माणच्या खोलीच्या कडीला रोज सकाळी डबा लटकलेला असतो. ताई मला मुद्दाम तोच देतात, काळ्या बुडाचा. मी बसमध्ये तो मांडीवर सरळ धरून भुकूमला नेतो, आणि एक वाजता जिन्यात बसून थंड खातो.