मिसरोदपर्यंतची रोड टेस्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, शेजारच्या तिवारीजींना नाही, कुमुदच्या फोटोलासुद्धा नाही — आणि त्या फोटोला मी बाकी सगळं सांगतो, दूधवाल्यानं आज पाणी किती घातलं तेही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. दुसरं कारण होतं, पण आता लिहायला बसलो तर तेही आठवत नाही.

तर गाडी. गोष्ट गाडीची आहे — निदान सुरुवातीला तरी.

मी भोपाळला आलो तो कारखान्यातल्या नोकरीपायी. पुण्याहून निघताना आईला सांगितलं होतं, दोन-तीन वर्षांत बदली करून घेतो. ती बदली काही झाली नाही. मोठमोठ्या मोटरी तपासून ‘ठीक आहे’ अशी सही करायची, हे माझं काम. आनंद नगरात घर बांधलं. लग्न झालं ते अमरावतीच्या मुलीशी, कुमुदशी. ती घरात अस्सल वऱ्हाडी बोलायची आणि मी, पुण्याचा शहाणा, तिला चिडवायचो. ‘भात शिजून राहिला’ म्हणाली की मी विचारायचो, ‘शिजला, की नुसताच राहिला?’ ती म्हणायची, ‘तुमच्या पुण्यात शिजते, आमच्याकडे शिजून राहते. जेवायचं असंन तर बसा.’ मी बसायचो. आयुष्यभर हीच चेष्टा, हेच उत्तर. आम्हा दोघांनाही त्याचा कधी कंटाळा आला नाही.

गाडी तिच्या पसंतीची. मला पांढरी हवी होती, तिला लाल. लाल आली. त्या गाडीत ती जेमतेम एक हिवाळा बसली. बडा तालाबच्या रस्त्यानं संध्याकाळी चक्कर मारायची, न्यू मार्केटात थांबायचं, तिनं भाव करायचा आणि मी गाडीत बसून हॉर्न वाजवायचा. मग ती गेली.

त्यानंतर घरात काय उरलं नाही, हे मला बरेच दिवस उमगलंच नाही. भांडी होती, फोटो होता, तिची औषधंसुद्धा होती. मराठी नव्हती. तुम्ही म्हणाल, भोपाळात मराठी माणसं काय कमी आहेत? नाहीत. पण माझ्या बरोबरीचे बहुतेक मुलांकडे पुण्याला गेले. मंडळात गेलो, तर जो तो माझा हात हातात धरून सुस्कारा सोडायचा. मुलगा बंगळुरूहून रविवारी फोन करतो, नातू मला इंग्रजीत ‘हाय’ म्हणतो. बाकी दिवसभर हिंदी. माझी हिंदी उत्तम आहे बरं का — पण हिंदीत मला नुसतं बोलता येतं, कुरकुर करता येत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला दुसरं बोलायचं असतं काय?

असा एकदा करोंदच्या मंडीतून गव्हाचं पोतं घेऊन परतत होतो. एकटाच. अचानक डॅशबोर्डवरचे सगळे दिवे गेले, स्टिअरिंग जड झालं आणि मी काही करायच्या आत सगळं पूर्ववत झालं. पुढे आठवडाभर काही नाही, मग पुन्हा तसंच. हे मात्र खरं होतं. इथपर्यंत मी अक्षरही खोटं सांगत नाहीये.

गाडी वॉरंटीत होती. कंपनीचं वर्कशॉप होशंगाबाद रोडवर, मिसरोदच्या अलीकडे. तिथे गाडी नेली तर तिला काहीच होईना. डॉक्टरसमोर बसलं की दुखायचं थांबतं, तसं. गाडीची तक्रार लिहून घेणारी, म्हणजे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, तिशीतली एक बाई होती. माझ्याशी अदबीनं हिंदीत बोलत होती. मध्येच तिचा फोन वाजला आणि ती तोंडावर हात धरून म्हणाली, ‘आई, मी काम करून राहिली न. मग करते फोन.’

मी काउंटरला धरून उभा राहिलो. खरं सांगतो, मला रडू आलं असतं.

तिचं नाव प्रणिता. पांढुर्ण्याची. नवरा नव्हता — म्हणजे होता, पण तिच्यासाठी नव्हता. आई आणि शाळकरी मुलगी घेऊन भोपाळला आलेली. ह्या नोकरीवर तिघींचं घर चालायचं. मी मराठीत बोललो तशी ती हसली आणि त्या क्षणापासून मी ‘सर’चा ‘काका’ झालो.

वर्कशॉपात फॉल्ट सापडला नाही, तर अ‍ॅडव्हायझरनं ग्राहकाबरोबर गाडीत बसून रोड टेस्टला जायचं, अशी तिथली पद्धत. गाडी ग्राहकानं चालवायची, कारण फॉल्ट त्याच्याच हातात येतो. मिसरोदपर्यंत जायचं आणि वळून यायचं. प्रणिता शेजारी बसली. कुमुदच्या जागेवर. पट्टा लावला आणि म्हणाली, ‘चला काका, पाहू न काय होते त्.’

त्या फेरीत काही झालं नाही. पण दुसऱ्या खेपेला त्यांच्या मेकॅनिकला बॅटरीखालचा अर्थिंगच्या वायरचा बोल्ट ढिला सापडला. त्यानं तो घट्ट केला आणि फॉल्ट गेला. पुरता गेला. मी स्वतः हात घालून पाहिलं, खड्ड्यांतून गाडी नेली, सगळे दिवे लावून पाहिले. उभा जन्म मोटरी तपासण्यात गेला माझा — गेलेला फॉल्ट मला कळतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का?

काही दिवसांनी तिचा फोन आला. काम झाल्यावर विचारपूस करायचा नियमच असतो. ‘काका, आता त् बरोबर आहे न गाडी?’ ‘हो’ म्हटलं असतं, तर तिनं ‘बरं झालं’ म्हणून फोन ठेवला असता. पुढची सर्व्हिस सहा महिन्यांनी. मी म्हणालो — ‘अगं, परवा पुन्हा झालं.’

‘हो का? मंग घेऊन या न.’

एवढं सोपं होतं ते. कधी येतो, कधी येत नाही, असा फॉल्ट म्हणजे खोटं बोलणाऱ्याला केवढी सोय, ह्याचा विचार केलाय कधी? गाडी नीट चालली तरी तुम्ही खोटे ठरत नाही. उलट समोरचाच ओशाळतो.

तो सबंध हिवाळा मी गाडी नेत राहिलो. आम्ही मिसरोदपर्यंत जायचो आणि वळून यायचो. ती डॅशबोर्डकडे लक्ष ठेवून असायची आणि मी बोलत असायचो. दूधवाल्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, मुलाबद्दल. ती पांढुर्ण्याच्या संत्र्यांबद्दल सांगायची, मुलीचं गणित कसं कच्चं आहे ते सांगायची. एकदा मी कुमुदच्या गोळाभाताची, म्हणजे डाळीचे गोळे घातलेल्या वऱ्हाडी भाताची आठवण काढली, की मी करायला गेलो तर तो नुसता कोरडा होतो. ती म्हणाली, ‘काका, वरून फोडणीचं तेल घ्या लागते. तेल नाही घेतलं त् घशातच बसंन.’ घरी जाऊन तेल घेऊन खाल्ला. तसाच लागला. पुढच्या खेपेला तिला हे सांगितलं, तर टाळी वाजवून हसली. कुमुद गेल्यानंतर मी सुखात होतो तो तेवढ्या चार-पाच मैलांत. खोटं कशाला बोलू, आजही त्या रस्त्यानं गेलो की बरं वाटतं.

ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवायचं? सरळ म्हणायचं होतं — पोरी, रविवारी आईला, लेकीला घेऊन घरी ये, दोन घास खा, थोडं बोल माझ्याशी. आली असती ती. पण कारखान्यात माझ्या सहीला मान होता. एकटेपणा कबूल करायचा तर मान खाली घालावी लागते. फॉल्ट सांगायला ती ताठ ठेवता येते.

आणि खोटं मी नीट बोलत होतो, माझं ज्ञान वापरून. कधी म्हणायचो थंडीत होतं, कधी म्हणायचो उतारावर. ती बिचारी सगळं मनावर घ्यायची, मेकॅनिकशी भांडायची. शेवटी तिच्या मनानं घेतलं की आतलं वायरिंगच खराब असणार आणि कंपनीनं ते वॉरंटीत बदलून द्यायला हवं. कंपनी ऐकेना. गाडीच्या कॉम्प्युटरात तर काहीच दिसत नाही, म्हणे.

तेव्हा तरी थांबायचं ना मी? एकदा मिसरोदच्या वळणावर ती म्हणाली, ‘काका, कंपनीवाले मानूनच नाही राहिले. मी लिहून देल्लं, मीबी डोळ्यानं पाहिलं म्हणून. तुम्ही खोटं थोडीच बोलान?’

मी इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.

वायरिंग बदललं. गाडी तीन दिवस तिथे राहिली, रोज तिचा फोन यायचा. काढलेलं वायरिंग कंपनीनं मागवून घेतलं आणि तपासलं. त्यात काय सापडणार? काही असतं तर सापडलं असतं.

मला बोलावलं, ते ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून. मॅनेजरच्या केबिनमध्ये कंपनीचा एक माणूस बसला होता. प्रणिता भिंतीशी उभी होती. मॅनेजरनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग तिला विचारलं, ‘मैडम, आपने लिखा है कि फॉल्ट खुद देखा. देखा था?’

ती म्हणाली, ‘जी सर. काका के साथ रोड टेस्ट में.’ आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, हे मला अजून छळतं. काका आहेत ना, असंच होतं त्यात.

मॅनेजर माझ्याकडे वळला. ‘अंकल जी, आप बताइए. फॉल्ट आया, तब मैडम गाड़ी में थीं?’

आता पाहा. ‘फॉल्ट नव्हताच, मी खोटं बोललो’ एवढं म्हटलं असतं, तर ती सुटली असती. माझं काय जाणार होतं? फार तर गाडीतलं नवं वायरिंग, आणि एका अनोळखी केबिनमधली माझी अब्रू. बरं, खरं नाही, तर निदान ‘हो, होती’ म्हणायचं. तिनं माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. तेवढंही जमू नये?

मी म्हणालो, ‘मुझे ठीक से याद नहीं. अब उम्र हो गई है.’

मला सगळं आठवत होतं. तिनं कोणत्या दिवशी कोणती ओढणी घेतली होती तेही आठवत होतं. मॅनेजरनं समजुतीनं मान हलवली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला कोण खोटारडा म्हणणार? त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. आणि तो चहा मी प्यायलो. ती उभीच होती.

पुढच्या सर्व्हिसला गेलो, तर तिच्या जागी दुसरंच कुणी होतं. मी काही विचारायच्या आत त्यानंच सांगितलं, की त्या मॅडमना काढलं, वॉरंटीत काही गडबड केली होती. मी ‘अच्छा’ म्हणालो. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी कधी लावला नाही. मुलीची शाळा सुटली का, त्या तिघी भोपाळात आहेत की पांढुर्ण्याला परतल्या, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची हिंमत झाली नाही, असं म्हणणं बरोबर होईल.

एक मात्र सांगायचं राहिलं. मुद्दाम मागे ठेवलं होतं.

त्या दिवशी केबिनमधून बाहेर आल्यावर ती माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. तसा तिथला नियम आहे. उन्हात माझी लाल गाडी धुऊन-पुसून उभी होती. तिनं दार उघडून धरलं. मी बसलो. काहीतरी बोलेल, म्हणून वाट पाहिली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ‘काका, तुम्ही असं काऊन केलं?’ असं विचारेल, आणि मग मी — मग मी काय, कुणास ठाऊक. तिनं किल्ली माझ्या हातात दिली. पहिल्या दिवशी काउंटरवर बोलली होती, अगदी त्याच आवाजात, तितक्याच अदबीनं म्हणाली, ‘सर, आपकी गाड़ी बिल्कुल ठीक है. आराम से ले जाइए.’

मीही हिंदीतच ‘शुक्रिया’ म्हणालो आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.