आक्काताईंनी बांधलेला भाता

शाहूपुरीतल्या एका बोळाच्या तोंडाशी आक्काताईंचं चपलांचं दुकान आहे. आठ फुटांची खोली. पुढं चपला टांगलेल्या, मागं त्या बसलेल्या. पंधरा वर्षं मी तिथंच जाते. त्यांचा नवरा वारला तेव्हा लोकांना वाटलं, आता शटर पडणार. पण कातड्याची वेणी घालणं, शिवणं, कडा तासणं हे आधीपासून त्यांच्याच हातचं होतं. नवरा फक्त गिऱ्हाइकाशी बोलायचा. मग बोलायलाही त्या शिकल्या, जरा जास्तच शिकल्या. घासाघीस करणाऱ्याला म्हणतात, "पावणं, मग एकाच पायाची न्या की. निम्म्यात देते."

यंदा फेब्रुवारीत मी तिथं बसले असताना मोनाबाई हिवाळे आल्या. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. चर्चमधला जुना पाइप ऑर्गन त्या पन्नास वर्षं वाजवत आल्या होत्या. तीन वर्षं तो मुका होता. मुंबईहून आलेल्या कारागिरानं नळ्या साफ करून दिल्या, पण हवा साठवायचा मोठा भाता फाटलेला; त्याचं कातडं परदेशातून मागवावं लागेल, असं सांगून तो गेला तो गेलाच. शेवटी चर्चच्या समितीनं ठरवलं, की ईस्टरला ऑर्गन वाजला तर राहील, नाहीतर खोलून नळ्या भंगारात जातील आणि त्या जागी कीबोर्ड येईल.

मोनाबाईंनी पर्समधून भात्याचा एक तुकडा काढला. आक्काताईंनी तो बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"मेंढी हाय ही. परदेशात काय निराळ्या मेंढ्या असत्यात व्हय?"

"जमेल तुम्हाला?"

"हवा सुटली न्हाय म्हंजे झालं की. ईस्टरला वाजंल तुमचा बाजा. माझा शब्द."

मग रोज दुपारी दुकान बंद करून त्या चर्चमध्ये जायच्या. ऑर्गनच्या मागं फरशीवर मांडी घालून चामडं तासायच्या रापीनं कातड्याच्या कडा कागदाइतक्या पातळ करायच्या आणि सरस शिजवून पट्ट्या चिकटवायच्या. काम इतकं देखणं झालं, की मोनाबाईंनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

चाचणीला समितीचे धैर्यशील आले. मोटर सुरू झाली. भाता हातभर फुगला आणि एक कोपरा फुस्स करून सुटला. मग दुसरा. बघता बघता सबंध पट्टी लोंबू लागली.

"मी म्हणत होतो," धैर्यशील म्हणाले, "चपला वेगळ्या, हे काम वेगळं."

मोनाबाई बाकावर बसून चष्मा पुसत राहिल्या. आक्काताईंनी सुटलेली पट्टी हातात घेतली. सरस खराब निघाला म्हणाल्या असत्या, तरी तिथं कुणाला कळलं नसतं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "चिकटवायच्या आधी तेल पाजलंय मी ह्याला. तेलावर सरस धरतोय व्हय?"

"पण तेल कशाला घातलं?" मोनाबाईंनी विचारलं.

"तेल पाजल्याबिगर माल हातातनं सोडायचा न्हाय, ही सासूची शिस्त. इसरलं की त्या दिवशी सासू आमाला जेवायला वाढायची न्हाय हो बाई! हात आपसूक तेलाकडं गेला."

धैर्यशीलना हसू आवरेना. "ईस्टरला नऊच दिवस राहिलेत, मावशी."

"लई झालं."

सगळ्या पट्ट्या त्यांनी ओरबाडून काढल्या. लाकूड घासून कोरं केलं, मेंढीचं नवं कातडं आणलं. ते नऊ दिवस दुकान उघडलंच नाही. शनिवारी संध्याकाळी शेवटची कड बसली. सरस रात्रभर वाळायला हवा होता, त्यामुळं चाचणी काही झाली नाही.

ईस्टरच्या सकाळी त्या मला सोबत घेऊन गेल्या आणि थेट ऑर्गनच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मोटर सुरू झाली. भाता वर आला, आणखी वर आला, आणि थांबला. आक्काताई तळहात पुढं करून चारी कडांवरून हळूहळू फिरवत होत्या, कुठं वारा लागतोय का बघत. पुढं सूर उमटला, भिंती भरून गेल्या. लोक गायला उभे राहिले. आक्काताईंनी मान वर केली नाही. गाणं संपेपर्यंत हात फिरतच होता.

सूर थांबले तशा त्या ऑर्गनच्या बाजूनं वाकून मोनाबाईंना म्हणाल्या, सगळ्या चर्चला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बाई, थांबलासा कशाला? अजून लई दम हाय की ह्याच्यात!"

मोनाबाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर हात ठेवले.