जानकीबायचा एक तास

विषय : आतड्यांच्या जुनाट आजारावर पुढचे संशोधन कशाचे व्हावे, हे रुग्णांनीच सुचवणे.
संदर्भ : डहाणू-तलासरी रुग्णगटाच्या तलासरीतील बैठका.

कचेरीत जन्मभर टिपणे लिहिली, आजारही अंगचाच. म्हणून गटाचे टिपण माझ्याकडे आले. तेव्हापासून किस्से जुन्या फायलींसारखे साठतात. कोणी मागत नाही, टाकवतही नाहीत.

*

पहिल्या बैठकीत डॉक्टर मॅडमनी खुर्च्या पडद्यासमोर मांडल्या. चहा येईपर्यंत सगळ्या खुर्च्या संडासाच्या दाराकडे वळल्या! मॅडम आमच्या पाठींशी बोलत राहिल्या. पुढच्या वेळी त्यांनी पडदाच त्या दाराशेजारी लावला. संशोधनाला दिशा मिळाली, अशी मी नोंद केली.

*

मॅडमनी विचारले, "संशोधकांनी काय शोधावं?"

डोंगरपाड्यावरची जानकीबाय म्हणाली, "मला एक तास आधी कळंल का?"

"काय कळेल?"

"आता जावं लागणार म्हणून. लेक चिंचणीला दिली. नातू चालाया लागला, मी फोनातच बघितला. बस काय माझ्यासाठी थांबते?"

जो तो मनातल्या मनात आपापला एक तास घेऊन कुठेतरी निघाला. मी समुद्रापर्यंत जाऊन, वाळूत बसून, सावकाश परत आलो.

*

मग मतदान. सुचवलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक टोपली. प्रत्येकाला तीन चिकू. आवडेल त्या टोपलीत टाकायचे. मोजायला मसोलीचे चिकूवाडीवाले रमणभाई बसले. त्यांनी सगळे चिकू ओतून मोठे एका टोपलीत लावले, बारीक दुसरीत!

"रमणभाई, ही मतं होती!"

"सवय, साहेब. मिक्स माल बघवत नाही."

फेरमतदान झाले. या वेळी रमणभाईंना टोपल्यांपासून लांब बसवले. जवळजवळ सगळे चिकू जानकीबायच्या टोपलीत पडले.

*

जानकीबायचा प्रश्न पहिला लावून यादी वरच्या समितीकडे गेली आणि शेरा घेऊन परत आली : "प्रश्न एक : कोणत्या औषधाचा अभ्यास करायचा, त्याचे नाव नमूद नाही."

मी रीतसर अर्ज लिहिला : "नाव ठाऊक असते तर विचारले नसते. सबब प्रश्न आहे तसा यादीत घ्यावा, ही विनंती." जानकीबायने अंगठा उठवला, बाकीच्यांनी सह्या केल्या.

*

परवाच्या बैठकीला जानकीबाय लवकर आली.

"भाऊ, काल सपान पडलं. बस पार चिंचणीला गेली. लेक पोराला घेऊन उभी. कंडक्टर बोलला, 'बाय, उतरा.'"

"मग?"

"मी बोलले, थांब रे जरा. इतका वेळ बसाया कधी मिळालंय!"

मग तिने अर्जाचे विचारले. अर्ज समितीकडे प्रलंबित आहे.